माझ्या नावाचा दगड

तो पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा माझ्या वर्गातल्या रेश्माच्या हातातलं पेन खाली पडलं.

ऑक्टोबरातला परतीचा पाऊस नुकताच येऊन गेला होता. नागापूरच्या एमआयडीसीतली पहिली पाळी सुटून गेली होती, खाली पिठाची गिरणी बंद पडली होती, कारण लाईट गेलेली. वर माझ्या इंग्लिश स्पीकिंगच्या वर्गात सातजण बसले होते, खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात. आणि दारात एक उंच माणूस, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, हात पांढरे. पावसाचे ओघळ त्या पांढऱ्यातून उतरले होते, म्हणून चेहऱ्यावर काळ्या रेघा. नुसता माझ्याकडे बघत उभा.

"दळण खाली," मी म्हणाले. "इथे इंग्रजी शिकवतात."

"मी दळनाला न्हाई आलो, टीचर." आवाज तरुण होता आणि, कशाला लपवू, छान होता. "माझी पळी राहिलीय. ती शिकायला आलो."

वर्ग हसला. मी नाही हसले.

का, ते सांगते. इंग्रजीत 'सम माय फ्रेंड्स' म्हणता येत नाही, 'सम ऑफ माय फ्रेंड्स' म्हणावं लागतं. आपला माणूस मधला 'ऑफ' हटकून विसरतो, कारण आपण 'माझे काही मित्र' म्हणून मोकळे होतो. तिसगावला शाळेत आमचे सॅमसन सर शिकवायचे, 'माय' म्हणजे झाकण घातलेलं पातेलं. आतलं सगळं आपलंच. पण त्यातलं थोडं काढायचं असो, नाहीतर काहीच काढायचं नसो, पळी लागणार. पळी म्हणजे 'ऑफ'. 'ऑल' आणि 'बोथ' तेवढे घरचे लाडके, त्यांनी पळीशिवाय हातानं घेतलं तरी कुणी रागावत नाही. हे सरांचं खास बोलणं. मी माझ्या वर्गात ते कधीच वापरलं नव्हतं, आणि हा ओला पांढरा माणूस तेच बोलत होता.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"एका म्हाताऱ्या मानसानं."

"नाव?"

"नाव सांगू नको म्हनलेत."

सरांचे विद्यार्थी जिल्हाभर पसरलेत, असेल कुणीतरी, असं म्हणून मी त्याला आत घेतलं. सरांना आठ वर्षांत आपण एक फोन केला नाही, हे तेव्हा टोचलं. उद्या करू, म्हटलं. माझा हा 'उद्या' फार जुना आहे.

माझं नाव एस्तेर भिंगारदिवे. वय अठ्ठावीस, लग्न नाही, तोंड फटकळ. पहिल्या दोन गोष्टींबद्दल लोक मला विचारतात, तिसरीबद्दल माझ्या आईला, ग्लोरियाबाईंना.

लग्न का नाही, ते फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. लहानपणी सांधेतापानं माझ्या हृदयाची एक झडप नासवली. दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन, आणि आता बारा जानेवारीला पुण्यात ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, यात बहुतेक सगळे बरे होतात. मी इंग्रजीची बाई, 'बहुतेक' आणि 'सगळे' यांच्यामधली फट मला लगेच दिसली. आलेली तीन स्थळं मी काही ना काही खोट काढून परत पाठवली. कुणाच्या घराचा उंबरठा ओलांडायचा आणि वर्षभरात त्याला विधुर करून निघून जायचं, हे मला जमणारं नव्हतं.

त्याचं नाव कृपादान उजागरे. फॉर्मवर त्यानं नाव लिहिलं आणि पत्त्याची जागा कोरी ठेवली.

"पत्ता?"

"पत्ता दिला तर तुमी मला काढून टाकाल."

"काम काय करता?"

"लिहितो."

"लेखक आहात?"

"न्हाई हो टीचर. लेखक लई लिहितात. आमी थोडंच लिहितो... पन ते पुसत न्हाई."

सोमवार ते गुरुवार, साडेपाचला तो यायचा. हातपाय धुऊन यायला लागला, तरी बुटांचे पांढरे ठसे जिन्यावर उमटायचेच. मागच्या बाकावर बसायचा. त्याच्याशेजारी कुणी बसेना. रेश्मा म्हणायची, "मॅडम, त्याच्याजवळून गेलं की गार लागतं. आणि तुम्ही बघितलं का, तो कुणाचं नाव ऐकलं की तोंडातल्या तोंडात अक्षरं मोजतो."

बघितलं होतं मी. मी बरंच काही बघत होते. जिन्याला एकोणीस पायऱ्या, आणि नवव्या पायरीवर मला दम लागतो. मी मोबाईल बघायच्या निमित्तानं तिथे थांबते, आजवर कुणाला कळलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी तो माझ्या पुढे चढत होता. नवव्या पायरीवर थांबला, खाली बसला, बुटाची नाडी सोडली आणि सावकाश परत बांधली. माझा श्वास जाग्यावर येईपर्यंत बांधतच राहिला. दुसऱ्या दिवशीही नाडी तिथेच सुटली.

"तुमच्या नाड्यांना ही पायरी फार आवडलेली दिसते," मी म्हणाले.

"मलाबी आवडती," तो म्हणाला, मान वर न करता. "इथं तुमी थांबता."

आता असं कुणी बोललं की मी दोन शब्द सुनावते. त्या दिवशी मात्र वर्गात जाऊन मी फळ्यावर तारीख चुकीची लिहिली.

गंमत पुढेच होती. मी वाक्यं करून आणायला सांगायची. बाकीचे आणायचे, 'सम ऑफ माय फ्रेंड्स वर्क इन नागापूर', 'ईच ऑफ अवर मशीन्स हॅज अ नंबर'. कृपादानची वही उघडली की... 'बोथ ऑफ हिज हँड्स वेअर काइंड.' त्याचे दोन्ही हात मायाळू होते. 'मेनी ऑफ हर साँग्स आर स्टिल संग.' तिची कितीतरी गाणी अजून गातात. अक्षर असं की छापल्यासारखं, प्रत्येक अक्षराला पाया. आणि जवळजवळ प्रत्येक वाक्यात कुणीतरी होऊन गेलेलं.

"कृपादान, हे सगळं भूतकाळात का? साधं आजचं लिहा की एखादं."

"टीचर, आमच्या कामात आजचं लागत न्हाई."

बोलताना बोटांनी बाक वाजवायची सवय होती त्याला. टक... टक... टक. एकदा मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते आणि ते ऐकता ऐकता माझा खडू थांबला. माझं हृदय चालता चालता मध्येच एक ठोका गाळतं. लहानपणापासूनची सोबत आहे, मला आतून कळतं. त्यानं जिथे ठोका गाळला, तिथेच माझाही गळला होता. मी वळले. तो माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता, गळ्याकडे बघत होता. मी पदर सारखा केला. त्यानं हात बाकाखाली घेतला आणि कानापर्यंत लाल झाला.

भीती वाटली का? वाटली. आणि घरी जाऊन आरशात आपलाच गळा बघत उभी राहिले, तेही सांगते. दोन्ही खरं आहे.

महिनाअखेरीला त्यानं एक वाक्य आणलं. 'ऑल ऑफ हर नेबर्स एट हर नानकटाई.' तिच्या सगळ्या शेजाऱ्यांनी तिची नानकटाई खाल्ली. मी खूप हसले. "हे छान आहे. हिचं नाव काय?" तो म्हणाला, "गोजरबाई." रविवारी चर्चमध्ये पाळक साहेबांनी प्रार्थनेसाठी नाव वाचलं, भिंगारच्या गोजरबाई शनिवारी सकाळी प्रभूमध्ये निजल्या. माझ्या शेजारी बसलेली आई हळहळली, "किती नानकटाई वाटायची गं बाई नाताळात." माझ्या हातातलं गीतांचं पुस्तक मिटलं.

सोमवारी मी त्याला जिन्यातच गाठलं. "गोजरबाई गेल्या."

"व्हय. मला कळलं."

"गुरुवारी तुमच्या वहीत होत्या."

तो नवव्या पायरीवर उभा होता. काहीतरी सांगणार होता, ओठ उघडले होते, पण मागून रेश्मा आली आणि तो भिंतीला सरकून वर गेला. मीही विषय ताणला नाही. खरं तर मला उत्तर नको होतं. उत्तर मिळालं असतं तर त्याला येऊ नका म्हणावं लागलं असतं.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. बुधवारी त्याच्या वहीत एकच वाक्य. 'नन हिज स्टुडंट्स फरगॉट हिम.' मी लाल पेनानं मध्ये 'ऑफ' घातला, म्हणजे त्याचा एकही विद्यार्थी त्याला विसरला नाही, आणि खाली 'गुड' लिहिलं. "पळी राहिली होती," मी म्हणाले. तो हसला नाही. त्या 'ऑफ'वर बोट ठेवून बराच वेळ बसला.

गुरुवारी पान उघडलं तर वर माझं नाव. 'एस्तेर.' खाली 'ऑल ऑफ माय'. माझं सगळं... आणि पुढे काहीच नाही. पूर्णविरामसुद्धा नाही.

वर्ग रिकामा झाला होता, तो तेवढा थांबला होता. खाली गिरणी चालू होती, तिच्या आवाजानं खिडकीची काच थरथरत होती. मी पान त्याच्यापुढे धरलं.

"हे काय आहे?"

"वाक्य."

"पूर्ण करा."

"न्हाई करता येत, टीचर." तो फार हळू बोलला. "पुरं केलं की संपतं."

"तुमच्या वहीत नाव आलं की माणूस जातो. माझं का लिहिलं?"

त्याचा चेहरा असा झाला, जसं मी त्याच्या थोबाडीत मारलं. "टीचर... तुमी तसं समजत हुता?"

"तुम्ही जा," मी म्हणाले. वही कपाटात टाकली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. तो उतरून गेला. नवव्या पायरीवर त्याची पावलं थांबल्याचं मला ऐकू आलं. मग पुढे गेली.

शुक्रवारी पहाटे सॅमसन सर गेले. आईला तिसगावहून फोन आला. चार वर्षं आजारी होते म्हणे, मला पत्ताच नाही. माझा 'उद्या' संपला होता.

शनिवारी मातीला गेलो. तिसगावच्या बाहेर, तुरीच्या शेतांना लागून आमची लहानशी दफनभूमी आहे. ऊन होतं, पण वारा गार. माणसं मावेनात, चाळीस वर्षांतले विद्यार्थी, टेम्पो भरून आलेले. माती दिली, गीत झालं, आणि माणसं बाजूला झाल्यावर मला भिंतीला टेकवून ठेवलेला दगड दिसला. माती बसल्यावर वर्षभरानं दगड बसवतात आमच्यात. हा तयार होता. काळा, गुळगुळीत, त्यावर सरांचं नाव, आणि खाली पाया असलेल्या अक्षरात, 'नन ऑफ हिज स्टुडंट्स फरगॉट हिम'.

माझा 'ऑफ'. बाकीच्या अक्षरांपेक्षा बारीक, दोन शब्दांच्या मध्ये नंतर बसवलेला. बुधवारी, सर जिवंत असताना, मी माझ्या सरांच्या थडग्यावरचं वाक्य तपासलं होतं आणि खाली 'गुड' लिहिलं होतं. ज्या विद्यार्थिनीनं त्यांना आठ वर्षं फोन केला नाही, तिनं.

मी खाली बसले. डोळ्यांपुढे पांढरं आलं आणि त्या पांढऱ्यातून बूट दिसले.

"पानी घ्या," कृपादान म्हणाला. "आनि चला. माझा पत्ता दोनशे पावलांवर हाय. मला काढून टाकायचं तर बघून टाका."

आईला सांगून मी गेले. का गेले? मरणाच्या भीतीनं पाय मागे घेतले असते तर मी अठ्ठावीस वर्षं चाललेच नसते.

दफनभूमीच्या वाटेवर पत्र्याची शेड. आत दगडच दगड, उभे, आडवे, एकमेकांना टेकलेले, आणि सगळ्यावर पांढरी भुकटी. तीन पिढ्या थडग्यांचे दगड घडवणारं घर. तर हे होतं त्याचं लिहिणं. एक म्हातारा छिन्नी चालवत होता, टक... टक... टक. ते त्याचे वडील, नॅथनबाबा. आयुष्यभर ठोकून ठोकून कानानं गेलेले.

मी नावं वाचत चालले. ओळखीची नावं होती. चर्चमधले पेटीवाले आदिनाथकाका, ते काल मला बाजारात भेटले होते. जन्मसाल कोरलेलं, पुढे एक आडवी रेघ, पुढे मोकळी जागा. शेडच्या टोकाला एक दगड गोणपाटानं झाकलेला होता. कृपादान म्हणाला, "तो नको," आणि त्यानं नको म्हटल्यावर मी न बघणं शक्य नव्हतं. मी गोणपाट ओढलं.

डावीकडे 'कृपादान नॅथन उजागरे, १९९५ –'. उजवीकडे 'एस्तेर, १९९७ –'. दोघांच्या खाली एकच ओळ, 'ऑल ऑफ माय'. पुढे कोरा काळा दगड, आणि त्या काळ्यात माझाच चेहरा.

बारा जानेवारी. मला तेवढंच आठवलं. याला कसं कळलं?

"सूनबाई आली व्हय?" मागून नॅथनबाबा ओरडले. कानानं गेलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही. "बस गं पोरी. दगड आवडला का? कडंला नक्षी पायजे आसल तर आत्ताच सांग."

"बाबा, गप ऱ्हावा," कृपादान ओरडला, आणि मग माझ्याकडे वळून इतका हळू बोलला की मला पुढे सरकावं लागलं. "चूक माझी हाय. आमच्या घरात मुलगी मनात भरली की अंगठी न्हाई देत. दगड करतो. दोगांचा एकच. आज्यानं केला, बाबांनी केला. पन आदी मुलीला इचारून. सर म्हनले हुते, तिला आदी इचार, ती फटकळ हाय पन खरं बोलंल. आनि मी... आदी कोरलं."

"सर? सॅमसन सर?"

मग सगळं सांगितलं त्यानं. सरांना चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सहा महिने दिले होते. सर इथे येऊन स्वतःचा दगड सांगून गेले. इथली म्हातारी माणसं तसं करतात. उजागऱ्यांकडे दगड तयार करून ठेवला की मरण त्या घराचं काम झालं समजतं आणि पुढे जातं, फक्त खालचं वाक्य पुरं करायचं नाही, अशी समजूत आहे. गोजरबाईंचा दगड अकरा वर्षं तयार होता. दरवर्षी येऊन त्या त्याच्यावर हात फिरवून जायच्या, या वर्षी म्हणाल्या, आता खाली नानकटाईचं लिही, मी दमले. सरांनीही नाव कोरून घेतलं आणि वाक्य द्यायचं टाळलं. सहा महिन्यांची चार वर्षं झाली. या सप्टेंबरात त्यांनी वाक्य दिलं. कृपादाननं ते कोरलं, आणि सर काठी टेकत बघायला आले, आणि स्वतःच्या थडग्यावरची चूक बघून पोट धरून हसले.

"पळी विसरलास, म्हनले. मरायच्या आदी बघितलं म्हनून बरं. जा, नागापूरला माझी एस्तेर हाय, तिच्याकडून शिकून ये, मग दुरुस्त कर. घाई नको, म्हनले. मी थांबतो तवर."

"म्हणजे तुम्ही तिसगावहून यायचात? रोज? पाऊण-एक तास गाडीवर?"

"पयल्या दिवशी पळी कळली हुती," तो म्हणाला. "बाकीचे दिवस तुमच्यासाठी आलो. सरांचं वाक्य मुद्दाम दाखवलं न्हाई महिनाभर. मला ठाव हुतं, दुरुस्त झालं की सर जानार. बुधवारी त्यांनीच सांगितलं, पुरे आता, दाखव तिला."

मी त्या दगडावर हात ठेवला. गार होता. मग मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. झडप. इंजेक्शनं. बारा जानेवारी. "बहुतेक सगळे बरे होतात," मी म्हणाले, "पण मी त्या 'बहुतेक'मध्ये नसले तर? या मोकळ्या जागेत तुम्हाला दोन महिन्यांत तारीख कोरावी लागेल. झेपेल?"

त्याला धक्का बसला नाही. तो माझ्या गळ्याकडे बघत होता.

"दगड घ्यायच्या आदी आमी वाजवून बघतो, टीचर. आत कुठं तडा हाय ते ऐकू येतं. तुमचा ठोका मी दुसऱ्याच दिवशी ऐकला. आजार कसला ते ठाव न्हवतं. तडा हाय, एवढं ठाव हुतं."

"तरी कोरलं?"

"तडा हाय म्हनून कोन दगड टाकून देतं का? तिथं छिन्नी लावायची न्हाई. तेवढी जागा सोडायची." त्यानं 'ऑल ऑफ माय'च्या पुढच्या कोऱ्या भागावरून बोट फिरवलं. "सोडलीय."

मला रडू आलं. मी ते सरांसाठीचं आहे असं दाखवलं. "मला वेळ द्या," एवढंच म्हणाले आणि आईकडे परत गेले. मनात नाही म्हणायचंच ठरवलं होतं. ज्याच्यावर जीव जडला, त्याला तर मुळीच विधुर करायचं नाही.

सोमवारी साडेपाचला तो आला. मी वर्गाला सुट्टी दिली होती. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, गिरणी बंद, कुठे आवाज नाही. मी ठरवल्याप्रमाणे म्हणाले, "वही घेऊन जा, आणि परत येऊ नका." साखळीतली किल्ली काढली, कपाट उघडलं. गुरुवारपासून बंद होतं ते, किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात. वही त्याच्या हातात देताना ती त्याच पानावर उघडली.

'एस्तेर. ऑल ऑफ माय'. आणि पुढे, कोऱ्या जागेत, हिरव्या शाईची बरोबरची खूण.

मी लाल पेन वापरते. हिरव्या शाईनं जिल्ह्यात एकच माणूस वह्या तपासायचा, आणि त्याची खूण मी शंभरात ओळखीन, खाली लहानसं वळण, वर लांबलचक शेपूट.

"तुम्ही सरांना दाखवली होती का ही?" मी विचारलं.

"कवा दाखवू? गुरुवारी लिवलं, गुरुवारीच तुमी कुलपात घातली."

मी खुणेवर बोट टेकवलं. बोटाला हिरवं लागलं. शाई ओली होती.

मी तिथेच बाकावर बसले. कुणी काही म्हणो, मला त्या वेळी भीती वाटली नाही. मला शाळा आठवली. सर अर्ध्या वाक्याला कधीच खूण करत नसत. "पुरं कर, मग बघू," म्हणून वही परत द्यायचे, परीक्षेतसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अर्ध्या वाक्याला बरोबर म्हटलं होतं.

"कृपादान," मी म्हणाले, "ते वाक्य तसंच राहू दे. मी असेपर्यंत पुरं करायचं नाही."

"म्हंजे... व्हय?"

"इंग्रजीत सांगू का आता?"

तो माझ्यासमोर खाली बसला. पांढऱ्या हातांनी माझा हिरवं लागलेला हात धरला. त्याचं बोट माझ्या मनगटावर होतं. मध्येच एक ठोका गळला, तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि पुढचा आल्यावर उघडले.

बारा जानेवारी आली आणि गेली. मी 'बहुतेक'मध्ये निघाले. मे महिन्यात तिसगावला लग्न झालं. आईनं स्वतः नानकटाई केली, गोजरबाईंची सर नव्हती, पण सगळ्या शेजाऱ्यांनी खाल्ली.

उजागऱ्यांच्या घरी दगड रिकामा ठेवत नाहीत. नॅथनबाबांच्या आईवडिलांनी त्यांच्या दगडावर एकसष्ट वर्षं धुणं धुतलं, शेवटी नावं झिजून गेली म्हणून परत कोरावी लागली. आमचा मोरीजवळ मांडलाय. रोज मी माझ्या नावावर साबण घासते. नवी झडप धातूची आहे, घर शांत असलं की ती ऐकू येते, टक... टक... टक, एकही न गाळता. कृपादान शेडमधून छिन्नी थांबवून ऐकतो. कधीकधी दगड ओला असताना त्या कोऱ्या जागेत क्षणभर हिरवट काहीतरी दिसतं. शेवाळ असेल. मी तिथे घासत नाही.

परवा तो मागे येऊन उभा राहिला. "टीचर, आता तर तुमी ठनठनीत. वाक्य पुरं करायचं का?"

मी पिळलेला शर्ट त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "आधी हा वाळत घाल."